लिनक्स डेस्कटॉपवर आवाज गेला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्स मिंट, उबुंटू, डेबियन किंवा फेडोरा घातलेल्या डेस्कटॉपचा आवाज गेला की लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) द्यायच्या आज्ञा फोनवरून सांगाव्यात तशा उच्चाराने लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा आणि जिथे ‘जागा’ म्हटलं आहे तिथे स्पेसबार दाबा.

१. काल रात्रीपर्यंत गाणी वाजत होती, आज सकाळपासून सगळं चिडीचूप. सुरुवात कुठून करू?

टेबलाखालून. स्पीकरचा दिवा लागलाय का, त्याचं स्वतःचं बटण फिरवून शून्यावर गेलंय का, पिन अर्धवट बाहेर आलीय का, हे आधी बघा. हसू नका. मी स्वतः एकदा दीड तास ड्रायव्हर उचकत बसलो होतो आणि घरच्यांनी एक्स्टेन्शन बोर्डवरची स्पीकरची पिन काढून तिथे मिक्सर लावला होता.

मग स्पीकरची पिन काढून त्याच भोकात मोबाइलचा साधा वायरवाला इयरफोन घाला. इयरफोनमध्ये ऐकू आलं तर संगणक निर्दोष आहे. स्पीकर किंवा त्याची वायर गेली. ऐकू आलं नाही तरच पुढे वाचा.

पुढचं सगळं समजायला एक चित्र डोक्यात असू द्या. गाणं वाजवणारा प्रोग्राम आवाज देतो साउंड सर्व्हरला (सगळ्या प्रोग्रामांचे आवाज एकत्र करणाऱ्याला), सर्व्हर देतो कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) ड्रायव्हरला, ड्रायव्हर साउंड कार्डाला, कार्ड मागच्या पिनेला आणि पिन स्पीकरला. एस.टी.चे थांबे समजा. बहुतेक वेळा गाडी बंद पडलेली नसते, ती वेगळ्याच गावाला गेलेली असते. म्हणून आवाज कुठवर पोचतो ते एकेका थांब्यावर बघत जायचं. एकाच प्रोग्रामला आवाज नसेल तर प्रश्न ४, कुठेच नसेल तर प्रश्न २, आणि सेटिंगमध्ये साउंड कार्डच दिसत नसेल तर सरळ प्रश्न ६.

२. व्हॉल्यूम पूर्ण वर आहे, म्यूटही नाही, गाणं सरकतंय. मग आवाज जातो कुठे?

शंभरातल्या बहुतेकांचं उत्तर इथेच मिळतं: तो मॉनिटरकडे जातो. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टच्या केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड हे सिस्टमच्या दृष्टीने दुसरं साउंड कार्डच असतं. मॉनिटरला स्पीकर नसला तरी ते तिथे आवाज पाठवत राहतं. नवा मॉनिटर घेतला, व्हीजीए काढून एचडीएमआय केबल लावली, मॉनिटर झोपून उठला, यांपैकी काहीही झालं की आवाजाची दिशा बदलू शकते.

सेटिंगमधल्या ‘साउंड’ भागात जा. तिथे आउटपुटची यादी असते. त्यात एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट निवडलेलं असेल तर ते सोडून ‘लाइन आउट’, ‘अ‍ॅनालॉग’ किंवा ‘बिल्ट-इन ऑडिओ’ असं नाव असलेलं निवडा. टेस्टचं बटण असतंच, ते दाबा.

दर दोन दिवसांनी पुन्हा एचडीएमआयवर उडी मारत असेल तर ‘पावुकंट्रोल’ हे छोटं सॉफ्टवेअर घाला. पी, ए, व्ही, यू आणि त्याला जोडून कंट्रोल, असं त्याचं स्पेलिंग. मेनूत ते ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ म्हणून दिसतं. त्याच्या शेवटच्या ‘कॉन्फिगरेशन’ टॅबमध्ये दोन्ही कार्डं दिसतील. ग्राफिक्सवाल्या कार्डाचं प्रोफाइल ‘ऑफ’ करून टाका, म्हणजे तो रस्ताच बंद. पुढे कधी टीव्ही जोडला आणि टीव्हीला आवाज आला नाही, तर आपणच हे केलं होतं एवढं आठवा.

त्याच टॅबमध्ये दुसऱ्या कार्डाचं प्रोफाइलही बघून घ्या. तिथे चुकून ‘डिजिटल स्टीरिओ’ निवडलं गेलं असेल तर आवाज ऑप्टिकलच्या भोकातून निघतो, हिरव्या भोकातून नाही. साध्या दोन स्पीकरांना ‘अ‍ॅनालॉग स्टीरिओ’ हवं.

३. कॅबिनेटच्या मागे रंगीत भोकं आहेत. स्पीकर कुठे लावायचा?

हिरव्यात. गुलाबी माइकसाठी आणि निळं बाहेरून आवाज आत घेण्यासाठी. नारिंगी, काळं, करडं हे ५.१ किंवा ७.१ च्या जास्तीच्या स्पीकरांचं. ग्राफिक्स कार्ड वेगळं असलं तरी ही भोकं मदरबोर्डचीच. पुढच्या बाजूच्या भोकांचं दुखणं निराळं आहे, ते प्रश्न ९ मध्ये.

४. बाकी सगळीकडे आवाज आहे, फक्त ब्राउझरमध्ये यूट्यूब मुकं. का?

आधी टॅबवर राइट क्लिक करून तो टॅब म्यूट झालाय का बघा. टॅबवरच्या चिमुकल्या स्पीकरच्या चित्रावर चुकून क्लिक झालं की त्या टॅबचा आवाज बंद होतो आणि लक्षातही येत नाही. यूट्यूबच्या स्वतःच्या चौकटीतला व्हॉल्यूम वेगळा, तोही पाहा.

तरी नाही, तर गाणं चालू ठेवून पावुकंट्रोलचा ‘प्लेबॅक’ टॅब उघडा. या क्षणी आवाज देणारा प्रत्येक प्रोग्राम तिथे स्वतःच्या पट्टीसह दिसतो. साउंड सर्व्हर प्रत्येक प्रोग्रामचा व्हॉल्यूम आणि त्याचं आउटपुट वेगवेगळं लक्षात ठेवतो. महिन्यापूर्वी फायरफॉक्सचा आवाज ब्लूटूथकडे वळवला असेल तर तो आजही तिकडेच वळतो. पट्टीच्या शेजारी आउटपुटचं नाव असतं, ते बदला.

प्रोग्राम त्या यादीत मुळीच दिसला नाही, तर तो साउंड सर्व्हरपर्यंत पोचतच नाही असं समजा. फायरफॉक्सच्या बाबतीत एक जुनी गोष्ट माहीत असलेली बरी: मार्च २०१७ मध्ये आलेल्या ५२ व्या आवृत्तीपासून लिनक्सवरच्या अधिकृत फायरफॉक्सला पल्सऑडिओ लागतो. पाइपवायर वापरणाऱ्यांकडे ही गरज ‘पाइपवायर-पल्स’ हा भाग भागवतो (हे दोन साउंड सर्व्हर कोण, ते प्रश्न ५ मध्ये). जुन्या संगणकावर ‘हलकं करायचं’ म्हणून कुणी साउंड सर्व्हर काढून टाकला असेल, तर व्हिडिओ प्लेअर गातो आणि फायरफॉक्स मुका बसतो.

५. आल्सा, पल्सऑडिओ, पाइपवायर ही नेमकी कोणती मंडळी? माझ्याकडे कोण आहे?

आल्सा कर्नलमध्ये राहते. साउंड कार्डाशी प्रत्यक्ष बोलणारे ड्रायव्हर तिचे. डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नलपासून ती लिनक्सची मुख्य ध्वनिव्यवस्था आहे. तिच्या आधी ओएसएस होती, आणि त्या काळात एका प्रोग्रामने कार्ड धरलं की दुसऱ्याने तोंड मिटून बसायचं, हा अनुभव जुन्या लोकांना चांगला आठवत असेल.

अनेक प्रोग्रामांचे आवाज एकत्र करणं, कुणाचा कमी-जास्त करणं, गाणं चालू असताना ते स्पीकरवरून हेडफोनवर नेणं, ही कामं वरच्या मजल्यावरचा साउंड सर्व्हर करतो. लेनार्ट पोएटरिंग यांचा पल्सऑडिओ २००७ मध्ये फेडोरा ८ मध्ये आणि २००८ मध्ये उबुंटू ८.०४ मध्ये आला. सुरुवातीला त्याने लोकांना इतकं छळलं की ‘आवाज नाही? पल्सऑडिओ काढा’ हा सल्ला घरोघरी झाला. तो सल्ला तेव्हाच्या काळाचा होता. आज तो पाळलात तर प्रश्न ४ च्या शेवटी सांगितलेली गत होईल.

पाइपवायर हा विम टायमन्स यांनी सुरू केलेला प्रकल्प आता त्या जागी आला आहे. फेडोरा ३४ (२०२१), उबुंटू २२.१० (२०२२), डेबियन १२ चा ग्नोम डेस्कटॉप (२०२३) आणि लिनक्स मिंट २२ (२०२४) यांत तोच आहे. कोणता आवाज कुठल्या कार्डाकडे पाठवायचा हे ठरवणारा त्याचा मुकादम म्हणजे वायरप्लंबर. उबुंटू २२.०४ आणि मिंट २१ वर मात्र आवाज अजून पल्सऑडिओच सांभाळतो.

स्वतःकडचं ओळखायला टर्मिनलमध्ये: पी-ए-सी-टी-एल, जागा, इन्फो. उत्तरातल्या ‘सर्व्हर नेम’च्या ओळीत पाइपवायर हा शब्द आला तर तो, नुसतं पल्सऑडिओ आलं तर दुसरा. इंटरनेटवरचा कुठलाही उपाय करण्याआधी एवढं बघाच. पल्सऑडिओच्या फायली बदलायला सांगणारे २०१२ चे लेख अजून फिरत असतात आणि पाइपवायरवाल्या सिस्टममध्ये त्यांचा काडीचा उपयोग नाही.

६. साउंड सेटिंगमध्ये फक्त ‘डमी आउटपुट’ दिसतं. साउंड कार्ड जळालं का?

जळालं असण्याची शक्यता फार कमी. डमी आउटपुट म्हणजे साउंड सर्व्हर जिवंत आहे, पण त्याला आवाज द्यायला एकही कार्ड सापडलेलं नाही, म्हणून त्याने एक लुटुपुटीचं कार्ड मांडलं आहे. त्यात ओतलेला आवाज जातो तो जातोच.

आता प्रश्न एवढाच की कार्ड कुठल्या थांब्यावर हरवलं. टर्मिनलमध्ये ए-प्ले (एक शब्द), जागा, वजाचिन्ह, एल. इथे कर्नलला दिसणारी कार्डं येतात.

यादीत कार्ड आलं, तर ड्रायव्हर ठीक आहे आणि गडबड वरच्या मजल्यावर आहे. पहिल्यांदा साउंड सर्व्हर पुन्हा सुरू करा (प्रश्न १२). तरी डमीच राहिलं तर दुसऱ्या कुणी कार्ड दाबून धरलंय का बघा: सुडो (एस-यू-डी-ओ; रूटच्या, म्हणजे सिस्टमच्या मुख्य खात्याच्या अधिकाराने आज्ञा चालवणारा शब्द), जागा, फ्यूझर (एफ-यू-एस-ई-आर), जागा, वजा व्ही, जागा, स्लॅश डेव्ह स्लॅश एसएनडी स्लॅश तारांकन. पाइपवायर किंवा वायरप्लंबरशिवाय (पल्सऑडिओवाल्या सिस्टमवर पल्सऑडिओशिवाय) दुसरं नाव दिसलं तर तोच चोर. डेबियन आणि उबुंटूवर सापडणारा ठरलेला आरोपी म्हणजे टिमिडिटी. मिडी फायली वाजवण्यासाठी तो कधीतरी कुठल्या तरी पॅकेजबरोबर आत येतो आणि ‘टिमिडिटी-डीमन’ (त्याचा पडद्यामागे चालणारा भाग) संगणक सुरू होताच कार्डावर बसतो. तो डीमन काढून टाकला की आवाज परत येतो.

यादी रिकामी आली, तर एल-एस-पी-सी-आय ही आज्ञा द्या आणि ‘ऑडिओ’ शब्द असलेली ओळ शोधा. तिथेही ओळ नसेल तर बायोसमध्ये (लिनक्स सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ऑनबोर्ड, म्हणजे मदरबोर्डवरचा ऑडिओ बंद केलेला आहे का ते बघायचं. जुन्या मालकाने वेगळं साउंड कार्ड लावताना ते बंद केलेलं असतं आणि कार्ड काढून नेताना चालू करायचं राहून जातं. ओळ आहे पण ए-प्लेला दिसत नाही, याचा अर्थ ड्रायव्हर लोड झालेला नाही. उबुंटू आणि मिंटवर कर्नलचं अपडेट अर्धवट झालं तर ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ नावाचं पॅकेज यायचं राहतं आणि साउंडचे ड्रायव्हर नेमके त्यातच असतात. त्याच्या पुढचा क्रमांक चालू कर्नलच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे.

इंटेलच्या नव्या चिपवाले काही छोटे पीसी आणि ऑल-इन-वन यांना ‘सॉफ’ नावाचं फर्मवेअर (चिपमध्ये भरायचा छोटा प्रोग्राम) लागतं. डेबियनवर ते ‘फर्मवेअर-सॉफ-साइन्ड’ या पॅकेजात आहे. डेबियन १२ पासून असं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतं. त्याआधीच्या आवृत्त्यांवर ते आपण हाताने घालायचं.

७. अल्सामिक्सर उघडलं. कुठे ‘ओओ’ लिहिलंय, कुठे ‘एमएम’. काय करायचं?

अल्सामिक्सर म्हणजे टर्मिनलमध्ये त्याच नावाच्या आज्ञेने उघडणारा, आल्साच्या व्हॉल्यूमच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्राम. ‘एमएम’ म्हणजे म्यूट. बाणाच्या कळांनी त्या पट्टीवर जा आणि एम दाबा, ‘ओओ’ होईल. वरच्या बाणाने पट्टी वाढवा. मास्टर, हेडफोन, फ्रंट, पीसीएम या चारही पट्ट्या उघड्या आणि वर असल्या पाहिजेत. डेस्कटॉपवर हिरव्या भोकाची पट्टी पुष्कळदा ‘फ्रंट’ किंवा ‘लाइन आउट’ असते आणि लोक ‘स्पीकर’ नावाची पट्टी शोधत बसतात.

लोक इथे हमखास फसतात, कारण अल्सामिक्सर उघडताच एकच ‘मास्टर’ पट्टी दिसते आणि ती तर पूर्ण वर असते. ती साउंड सर्व्हरची पट्टी आहे, कार्डाची नाही. एफ-६ दाबा, यादीतून खरं कार्ड निवडा, मग सगळ्या पट्ट्या समोर येतील. एचडीएमआय आणि मदरबोर्ड अशी दोन नावं असतील तर मदरबोर्डवालं निवडा. ते बहुधा ‘एचडीए इंटेल पीसीएच’ किंवा ‘एचडी-ऑडिओ जेनेरिक’ असतं.

एस्केपने बाहेर पडल्यावर ही रचना जपून ठेवायला: सुडो, जागा, अल्सा-सी-टी-एल (जोडून), जागा, स्टोअर.

८. हेडफोन लावला की आवाज येतो, काढला की स्पीकर मुकेच राहतात. असं का?

कार्डाला अजून वाटतंय की हेडफोन लावलेला आहे. भोकाच्या आत एक छोटी पट्टी असते, पिन आत गेली की ती हलते आणि कार्डाला कळतं. तिच्यावर धूळ बसली किंवा ती वाकली की पिन काढल्याचं कळतच नाही. पिन आठ-दहा वेळा आत-बाहेर करा, निम्म्या लोकांचं काम तेवढ्यात होतं. किनारपट्टीच्या दमट हवेत ही पट्टी गंजते, तेव्हा कॉन्टॅक्ट क्लीनरचा हलका फवारा लागतो.

तोवर चालवायचं असेल तर अल्सामिक्सरमध्ये खरं कार्ड निवडून (प्रश्न ७) उजवीकडे सरकत जा. ‘ऑटो-म्यूट मोड’ सापडेल. तो ‘डिसेबल्ड’ केला की हेडफोन आणि स्पीकर दोन्हींतून एकदम आवाज येईल. सोय आहे, पण रात्री हेडफोन लावून सिनेमा बघणाऱ्याने स्पीकरचं बटण आधी बंद करावं, नाहीतर घर जागं होईल.

९. मागच्या भोकातून येतो, पुढच्या भोकातून कधीच येत नाही.

पुढची भोकं कॅबिनेटची असतात आणि एका वायरने मदरबोर्डला जोडलेली असतात. ती वायर नऊ पिनांच्या जागी बसते. शेजारी ‘एचडी ऑडिओ’ किंवा ‘एफ ऑडिओ’ छापलेलं असतं. दिवाळीत कॅबिनेट उघडून साफ केल्यानंतर हा प्रश्न फार येतो, कारण साफसफाईत ती निघते.

काही जुन्या कॅबिनेटांना ‘एसी ९७’ आणि ‘एचडी ऑडिओ’ अशी दोन टोकं असतात. ‘एचडी ऑडिओ’वालं लावा. एसी ९७ वालं लावलं असेल तर पिन घातल्याचं कार्डाला कळत नाही. बायोसमध्ये ‘फ्रंट पॅनेल टाइप’ असा पर्याय असेल तर तोही ‘एचडी’ ठेवा.

१०. अपडेट केलं आणि आवाज गेला. अपडेटच मागे घेऊ का?

सगळं मागे घेऊ नका, आधी कर्नल तपासा. संगणक सुरू होताना शिफ्ट दाबून धरा (नव्या यूईएफआय संगणकावर एस्केप), काळा ग्रब मेनू (काय सुरू करायचं ते निवडायचा) येईल. ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुने कर्नल राखून ठेवलेले असतात. वरून दुसऱ्या क्रमांकाचा आवृत्ती-क्रमांक निवडून आत जा.

जुन्या कर्नलवर आवाज आला तर दोष नव्या कर्नलचा किंवा त्याच्या अपुऱ्या मॉड्यूलांचा (प्रश्न ६ मधला ‘लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’चा भाग). तेवढे दिवस जुन्यावर काम चालवा; पुढच्या अपडेटला पुष्कळदा आपोआप सुटतं. मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूत कर्नलांची यादी असते, तिथून नको तो काढता येतो. जुना एक कर्नल मात्र कायम शिल्लक ठेवा.

जुन्या कर्नलवरही आवाज नाही, तर त्या दिवशी नेमकं काय बदललं ते वाचा. व्हार, लॉग, ए-पी-टी असं फोल्डरात फोल्डर उघडत गेलं की ‘हिस्टरी’ नावाची फाइल मिळते. तारखेनुसार काय आलं आणि काय गेलं याची ती रोजकीर्दच आहे. मिंटवर टाइमशिफ्ट (सिस्टमच्या प्रती काढून ठेवणारं सॉफ्टवेअर) आधीच चालू करून ठेवलं असेल तर त्या दिवसाच्या आदल्या प्रतीवर परत जाणं हा शेवटचा, पण खात्रीचा उपाय.

११. विंडोजमध्ये आवाज येतो. तिथून रीस्टार्ट करून लिनक्समध्ये आलो की येत नाही.

विंडोजचा ड्रायव्हर ऑडिओ चिपला काही खास अवस्थेत ठेवून जातो आणि रीस्टार्टमध्ये वीज न तुटल्यामुळे चिप त्याच अवस्थेत लिनक्सच्या हाती येते. संगणक पूर्ण बंद करा, मागचं बटण किंवा प्लग काढून अर्धा मिनिट थांबा, मग थेट लिनक्स सुरू करा. आवाज आला तर निदान पक्कं. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून टाका, कारण तो चालू असताना ‘शट डाउन’सुद्धा पुरतं शट डाउन नसतं. आणि दोन सिस्टमांमध्ये जा-ये करताना रीस्टार्टऐवजी बंद-चालू करायची सवय लावा.

१२. संगणक रीस्टार्ट न करता फक्त आवाजाची यंत्रणा पुन्हा सुरू करता येते का?

येते. पाइपवायरसाठी: सिस्टम-सी-टी-एल (जोडून), जागा, दोन वजाचिन्हं आणि यूझर, जागा, रीस्टार्ट, जागा, पाइपवायर, जागा, पाइपवायर-पल्स, जागा, वायरप्लंबर. सुडो लावायचं नाही. ही यंत्रणा तुमच्या खात्यात चालते, रूटच्या नाही. पल्सऑडिओसाठी: पल्सऑडिओ, जागा, वजा के. तो मरतो आणि आपण होऊन परत उठतो. चालू ब्राउझर मात्र एकदा बंद करून उघडावा लागेल.

१३. त्याच संगणकावर मुलीच्या खात्यात आवाज येतो, माझ्या खात्यात नाही. हा काय भेदभाव?

उलट ही चांगली बातमी. यंत्र, कर्नल, ड्रायव्हर सगळं निर्दोष. दोष तुमच्या होम फोल्डरातल्या सेटिंगमध्ये. होममध्ये कंट्रोल-एच दाबून लपलेले फोल्डर दाखवा. ‘डॉट लोकल’मधल्या ‘स्टेट’मध्ये ‘वायरप्लंबर’ आणि ‘डॉट कॉन्फिग’मध्ये ‘पल्स’ ही दोन फोल्डरं आहेत. त्यांची नावं बदलून ठेवा, लॉगआउट करून परत या. नवी कोरी तयार होतील.

नाव बदलू दिलं नाही आणि मालक म्हणून ‘रूट’ दिसला, तर कधीतरी सुडो लावून ध्वनीचा प्रोग्राम चालवलेला आहे. म्हणूनच वर सुडो नको म्हटलं.

याच प्रश्नावर ‘स्वतःला ऑडिओ ग्रुपमध्ये घाला’ हा सल्लाही मिळतो. आजच्या सिस्टममध्ये समोर बसलेल्या खात्याला कार्डाचा हक्क लॉगिन होताच मिळतो, ग्रुपची गरज नाही. ग्रुपमध्ये घातलेलं खातं मात्र पडद्यामागे राहूनही कार्ड धरून बसू शकतं, आणि मग दुसऱ्याच्या खात्यात डमी आउटपुट.

१४. आवाज येतो, पण प्रत्येक गाण्याची पहिली अर्धी सेकंद गिळली जाते आणि ‘टक्’ वाजतं.

वीज वाचवण्यासाठी ड्रायव्हर रिकाम्या कार्डाला झोपवतो आणि गाणं लागताच ते दचकून उठतं. डेस्कटॉपवर त्या काटकसरीची काही गरज नाही. ई-टी-सी फोल्डरातल्या ‘मॉडप्रोब डॉट डी’मध्ये ‘डॉट कॉन्फ’ने संपणारी एक फाइल रूट म्हणून बनवा आणि एकच ओळ लिहा: ऑप्शन्स, जागा, एसएनडी अंडरस्कोर एचडीए अंडरस्कोर इंटेल, जागा, पॉवर अंडरस्कोर सेव्ह, बरोबरचं चिन्ह, शून्य. मग रीस्टार्ट. लॅपटॉपची बॅटरी वाचवण्यासाठीचं टीएलपी हे सॉफ्टवेअर कुणी डेस्कटॉपवर घातलं असेल तर ते हे मूल्य पुन्हा बदलतं. डेस्कटॉपवर ते काढलेलंच बरं.

एवढं करूनही उरलं तर वायरप्लंबर पाच सेकंद शांततेनंतर आउटपुट थांबवतो, तो वेळ त्याच्या सेटिंगमध्ये वाढवता येतो.

१५. ब्लूटूथ हेडफोनवर गाणी झकास. मीटिंग सुरू झाली की आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो.

ब्लूटूथचे दोन रस्ते आहेत. एटूडीपी गाण्यांचा, एकतर्फी आणि चांगल्या दर्जाचा. एचएफपी फोनवर बोलण्याचा, दुतर्फी, पण अरुंद. हेडफोनचा माइक चालू झाला की दुसरा रस्ता धरावाच लागतो. डेस्कटॉपवर सोपी पळवाट आहे: माइक वेबकॅमचा किंवा गुलाबी भोकातला निवडा आणि पावुकंट्रोलमध्ये हेडफोनचं प्रोफाइल एटूडीपीवर ठेवा.

१६. आवाज आला, पण सोबत सतत ‘गुंऽऽ’ अशी घरघर.

हे सॉफ्टवेअरचं नाही. संगणक आणि स्पीकर वेगवेगळ्या सॉकेटांवर असतील तर एकाच बोर्डवर घ्या. सॉकेटच्या तिसऱ्या पिनेला खरंच अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून बघून घ्या; जुन्या घरांत भोक असतं आणि आत वायर नसते. आवाजासाठी नाही, तरी जिवासाठी.

१७. मला दिसत नाही, मी ओर्कावर (पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर) काम करतो. आवाज गेला की माझा पडदाच जातो. वरचं सगळं मी करू कसं?

हा प्रश्न वरच्या सगळ्यांपेक्षा रास्त आहे, कारण ‘सेटिंग उघडा, यादीत बघा’ हे उत्तर इथे चालत नाही. तयारी आवाज असतानाच करून ठेवावी लागते.

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये स्वतःचा एक शॉर्टकट बनवा आणि त्याला प्रश्न १२ मधली पाइपवायरची आज्ञा जोडा. दुसरा शॉर्टकट बनवून त्याला ओर्का, जागा, दोन वजाचिन्हं आणि रिप्लेस ही आज्ञा द्या. आवाज गेला की पहिला दाबा, पाच आकडे मोजा, दुसरा दाबा. ग्नोममध्ये सुपर, ऑल्ट आणि एस एकत्र दाबून ओर्का बंद-चालू होतो, तेही लक्षात असू द्या.

ग्राफिक्स कार्डाचं प्रोफाइल प्रश्न २ मध्ये सांगितल्याप्रमाणे आजच ‘ऑफ’ करून टाका. मॉनिटर नुसता लावलेला असेल तर आवाज तिकडे पळण्याची भीती मुळातच संपते. एक यूएसबी साउंड कार्ड जवळ ठेवा, ते लावताच बहुधा आवाज त्याच्याकडे वळतो. ब्रेल डिस्प्ले असेल तर ब्रल्टी हा प्रोग्राम आवाजाशिवाय कन्सोल वाचून देतो. मराठी वाचणारा ई-स्पीक एनजी ध्वनीसाठी याच साउंड सर्व्हरवर अवलंबून असतो, तेव्हा फक्त मराठी बंद झालं आणि इंग्रजी चालू आहे, तर दोष ध्वनीचा नसून ओर्काच्या भाषेच्या सेटिंगचा.

१८. कंटाळलो. सगळं पुसून परत इन्स्टॉल करू का?

त्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह सिस्टम चालवा. इन्स्टॉल करायचं नाही, नुसतं वापरून बघायचं. लाइव्हमध्ये आवाज आला तर यंत्र ठीक, दोष तुमच्या सिस्टममध्ये, आणि तो प्रश्न ६, १० किंवा १३ मध्ये बहुधा सापडेल. लाइव्हमध्येही नाही आला तर परत इन्स्टॉल करून तेच मिळणार. मात्र लाइव्हमध्येही आउटपुट एचडीएमआयवर असू शकतं, तेवढं तपासून मगच निकाल द्या.

१९. मदरबोर्डचा ऑडिओ खरंच गेला असेल तर बोर्ड बदलायचा?

नाही. बोटाएवढं यूएसबी साउंड कार्ड घ्या. लॅमिंग्टन रोडवर काय किंवा गावातल्या मोबाइलच्या दुकानात काय, काही शे रुपयांत मिळतं. यूएसबी ऑडिओचा ठरलेला नियम पाळणाऱ्या कार्डाला लिनक्समध्ये वेगळा ड्रायव्हर लागत नाही. सोबत सीडी दिली तर ती बाजूला ठेवा. लावल्यावर सेटिंगमध्ये ते आउटपुट म्हणून निवडा आणि बायोसमधला ऑनबोर्ड ऑडिओ बंद करा, म्हणजे दोघांचा गोंधळ नको.

२०. सगळं करून झालं. आता मदत मागताना काय पाठवू?

‘आवाज येत नाही, अर्जंट’ एवढं पाठवू नका. सिस्टमचं नाव आणि आवृत्ती, मदरबोर्डचं मॉडेल, आवाज कधी आणि काय केल्यावर गेला, लाइव्हमध्ये येतो का, आणि पी-ए-सी-टी-एल इन्फो व ए-प्ले वजा एल या दोन आज्ञांची उत्तरं पाठवा. पडद्याचा फोटो नको, मजकूर कॉपी करा. मोबाइलने तिरक्या काढलेल्या फोटोतून क्रमांक वाचता येत नाहीत.

हे सगळं एकदम गोळा करणारी ‘अल्सा-इन्फो’ नावाची स्क्रिप्ट अनेक सिस्टमांत आधीच असते. ती शेवटी माहिती सर्व्हरवर चढवू का असं विचारते. नको असेल तर आज्ञेपुढे जागा सोडून दोन वजाचिन्हं, नो, वजाचिन्ह, अपलोड असं लिहा. सगळी माहिती एका फाइलमध्ये तुमच्याच संगणकावर राहील. ती एकदा स्वतः चाळून मग हव्या त्यालाच द्या.